जुने गार्डन ट्रॅक्टर: बाळगणारे, दुरुस्त करणारे, वापरणारे कोणी आहेत का इथे?

कृष्णाकाठ (ब्लूमिंग्टन, इलिनॉय)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकतो.

सात वर्षांपूर्वी आमच्या रस्त्यावरचे एक वृद्ध शेतकरी गेले. त्यांच्या मुलांनी कोठारातलं सामान विकायला काढलं. मी गेलो होतो फावडी आणि टिकाव बघायला. गवताच्या गठ्ठ्यांमागे एक पिवळं नाक दिसलं. गठ्ठे बाजूला सारले तर १९६४ चा कब कॅडेट १००. टायर बसलेले, सीटच्या फोममध्ये उंदरांची घरं, बॅटरीच्या जागी गंजाचा ढीग. साडेतीनशे डॉलरला घरी आणला. आमची ही दारात येऊन म्हणाली, "हा चालणार आहे?" मी म्हटलं, "चालवणार."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गवत कापायचं बसून चालवायचं यंत्र वेगळं आणि गार्डन ट्रॅक्टर वेगळा. पहिल्याला पातळ पत्र्याची चौकट असते, खाली पातं असतं, काम संपलं. गार्डन ट्रॅक्टर हा खराच ट्रॅक्टर, फक्त आकाराने लहान. जाड लोखंडी चॅनलची चौकट, मागचा गिअरबॉक्स बिडाचा. त्याला नांगर लावा, बर्फ लोटायचं पातं लावा, ट्रॉली लावा. १९५० ते १९८० च्या दरम्यान अमेरिकेतल्या गावाबाहेरच्या घरांसाठी हे हजारोंनी बनले आणि त्यातले कितीतरी आजही कोठारांत पडून आहेत.

माझा कब कॅडेट इंटरनॅशनल हार्वेस्टरचा, केंटकीतल्या लुईव्हिलच्या कारखान्यातला. त्याच कारखान्यात फार्मॉल कब हा छोटा शेती ट्रॅक्टर बनायचा. त्याच्याच घराण्यातले गिअर पहिल्या कब कॅडेटला लावले, म्हणून नावात 'कब' आहे. पहिलं मॉडेल ७ अश्वशक्तीचं होतं, १९६१ चं, पट्ट्यावर चालणारं. १९६३ पासून ७० आणि १०० ही मॉडेलं आली, त्यांत इंजिनापासून गिअरबॉक्सपर्यंत सरळ शाफ्ट. मोठ्या ट्रॅक्टरसारखा क्लच. पट्टा घसरायची भानगडच नाही.

आता मला हा का आवडला ते सांगतो. आमच्या आजोबांकडे वाळवा तालुक्यात बी-२७५ ट्रॅक्टर होता. महिंद्रा, व्होल्टास आणि हेच इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी १९६३ साली इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली, त्या कंपनीचा. घरात त्याला कोणी महिंद्रा म्हणायचं नाही, "इंटरनॅशनल काढा रे" असंच म्हणायचे. कोठारात नाकावरची ती अक्षरं पुसली आणि वाचली तेव्हा मी थोडा वेळ तिथेच गठ्ठ्यावर बसलो.

इंजिन कोलरचं, के-२४१. एक सिलिंडर, १० अश्वशक्ती, ब्लॉक बिडाचा. व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, त्यामुळे हेड म्हणजे नुसतं झाकण. काढलं की पिस्टन आणि दोन्ही व्हॉल्व्ह समोर दिसतात. माझं इंजिन जाम होतं. प्लग काढून सिलिंडरमध्ये ऑइल ओतलं आणि चार दिवस हात लावला नाही. पाचव्या दिवशी फ्लायव्हील हाताने बोटभर सरकलं. जोर नाही करायचा, पुढे थोडं, मागे थोडं. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह वर अडकलेला होता, तो खाली बसवायला आणखी दोन संध्याकाळी गेल्या. मग पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे दोन संपर्क. साठ वर्षांच्या सीबी पॉइंटवर राखाडी साय धरली होती. पॉलिश पेपरची पट्टी दोन्हींमध्ये धरून ओढली, फिलर गेजने २० थाऊचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) गॅप लावला, नवा कंडेन्सर टाकला. प्लगला करंट आला, निळा, टपोरा.

चालू झाला तो रविवारी दुपारी. आधी एक ठोका, मग धूर, मग दुसरा ठोका, आणि मग तो एका सिलिंडरचा संथ आवाज. आमच्याकडे विहिरीवरचं इंजिन असंच बोलायचं.

एक अडचण मात्र महिनाभर पुरली. या इंजिनांवर स्टार्टर आणि जनरेटर एकच असतो, पट्ट्यावर फिरणारा: सुरू करताना तो इंजिनाला फिरवतो, नंतर इंजिन त्याला. माझा एका दुकानातून भरून आणला. स्टार्ट झकास करायचा, पण बॅटरी चार्ज होईना. वायरी बदलल्या, रेग्युलेटर बदलला, काही नाही. शेवटी कळलं की भरून आल्यावर त्याला पोलराइझ करावं लागतं, म्हणजे त्याच्या चुंबकाची दिशा बॅटरीशी जुळवावी लागते, आणि ते त्यांनी केलंही नाही, सांगितलंही नाही. रेग्युलेटरवरच्या बॅटरी आणि जनरेटर या दोन टर्मिनलांना वायर क्षणभर टेकवायची, ठिणगी उडते, काम झालं. माझ्या डेल्को-रेमीचं हे असं. दुसऱ्या जातीचा असेल तर त्याचं पुस्तक बघून करा.

रंगवलेला नाही. रंगवणारही नाही. उजव्या पायरीवर त्या आजोबांच्या बुटाने रंग घासून खालचं लोखंड चकचकीत झालंय. माझाही पाय तिथेच पडतो. मी याच्यावर गवत कापतो, बर्फ लोटतो, परसातला पाव एकर नांगरतो.

तुमच्याकडे काय काय आहे? सांगा.

---

अल्बनीकर

वा! लिहिलंत ते बरं केलंत. मला वाटायचं आपल्या लोकांत हे वेड मला एकट्यालाच आहे.

माझ्याकडे इंजिनच नाही. जनरल इलेक्ट्रिकचा इलेक-ट्रॅक ई-१५. होय, विजेवर चालणारा गार्डन ट्रॅक्टर, आणि इलेक-ट्रॅक १९६९ पासून विकायला होते! कंपनी मूळची इथलीच, शेजारच्या स्केनेक्टडीची. सहा व्होल्टच्या सहा बॅटऱ्या, एकूण ३६ व्होल्ट. गोल्फच्या गाडीला लागतात त्याच बॅटऱ्या, त्यामुळे आजही कुठेही मिळतात. गवत कापायच्या डेकवर तीन मोटर, प्रत्येक पात्याला स्वतःची. पट्टा नाही, प्लग नाही, कार्ब्युरेटर नाही. अंगावर एक सॉकेट आहे, त्यात ३६ व्होल्टची करवत लावता यायची.

पहाटे सहाला गवत कापतो, शेजारी झोपलेले असतात.

दुरुस्ती म्हणाल तर गंजलेली वायरींची टोकं, कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारे मोठे स्विच), मोटरचे ब्रश. एकदा हे नीट झालं की वर्षानुवर्षं बघावं लागत नाही. बॅटऱ्यांचा खर्च मात्र मोठा, तो धरूनच घ्यावा. आणि बॅटऱ्यांचं वजन एवढं आहे की बर्फात वेगळी वजनं लावावी लागत नाहीत.

---

उद्यमनगर (कोल्हापूर)

आमच्या वडिलांचं लेथ मशीनचं शॉप होतं, तिथेच लहानाचा मोठा झालो, त्यामुळे धागा उघडल्यावर सोडवेना.

तुमच्या या कोलरच्या जातीबद्दल एक सांगतो, कारण एक भाचा टेक्सासला आहे आणि त्याचं असलंच १२ अश्वशक्तीचं इंजिन मी व्हिडिओ कॉलवर उघडून घेतलंय. यात ऑइल पंप नाही. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला एक जीभ असते, ती ऑइलमध्ये बुडते आणि ऑइल उडवते. बस. आणि रॉड ॲल्युमिनियमचा, त्याला बेअरिंगची वाटी नाही, सरळ क्रँकवर चालतो. म्हणजे ऑइल पातळीखाली गेलं की पहिला रॉड धरणार. धरला की तुटणार, आणि तुटला की ब्लॉकला खिडकी पाडून बाहेर येणार. भाच्याचं नशीब, खिडकी पडली नव्हती. क्रँक घासून दहा थाऊ कमी केली, दहा थाऊ अंडरसाइजचा रॉड मिळाला, बसला.

म्हणून दर वेळी, *दर वेळी*, सुरू करण्याआधी ऑइलची काडी बघा. उतारावर आडवं चालवत असाल तर पातळी वरच्या खुणेलाच ठेवा.

दुसरं, मोठ्या इंजिनांत, म्हणजे १०, १२, १४, १६ अश्वशक्तीच्या बऱ्याच नगांत, थरथर कमी करायला आत बॅलन्स गिअर बसवलेले असायचे. त्यांची पिन झिजली की ते आतच सुटतात आणि सगळ्याचा चुरा करतात. इंजिन उघडलंच असेल तर बरेच जण ते काढून ठेवतात. भाच्याचेही काढले. थरथर थोडी वाढली, झोप नीट लागते.

---

मोगरा_एनजे

मी वाचत होते आणि लिहू की नको असं चाललं होतं. माझ्याकडे व्हील हॉर्स आहे, लाल, १९७० च्या दशकातला. इंजिन कोलरचंच, के-१८१, ८ अश्वशक्ती. शेजारच्या आजींनी घर सोडताना दिला, त्यांच्या यजमानांचा होता. त्या म्हणाल्या, "तू रोज बागेत काम करतेस, तुझ्याकडे राहू दे."

ऑइल बदललं, प्लग नवा, एअर फिल्टर नवा. पहिल्या हाकेला चालू होतो. पण वीस मिनिटांनी बंद पडतो. आधी थोडा अडखळतो, मिस मारतो आणि मग गप्प. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू, पुन्हा वीस मिनिटं. दोन ठिकाणी दाखवला. एकाने नवीन घ्या म्हणून सांगितलं, दुसऱ्याने कार्ब्युरेटर बदलून दिला, पैसे घेतले, आणि दुखणं तसंच. कुठून सुरुवात करू?

---

कृष्णाकाठ

मोगराताई, लिहिलंत हे उत्तम केलंत. नवीन घेऊ नका.

पहिली तपासणी फुकटची. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला हवा आत यायला बारीक भोक असतं. ते बुजलं की टाकीत हवा शिरत नाही, पेट्रोल खाली उतरत नाही, इंजिन उपाशी मरतं. थांबल्यावर हळूहळू हवा झिरपते आणि पुन्हा चालू होतं. बंद पडायला लागला की झाकण अर्धा आटा सैल करा. सावरला तर दुखणं झाकणात.

मात्र गरम इंजिनावर पेट्रोल सांडू देऊ नका. टाकी गच्च भरून ही तपासणी करू नका, अर्धीच ठेवा.

---

शिशिर७२

मनापासून एक शंका. जुन्या यंत्रांवरचं प्रेम समजतं, पण ही इंजिनं पेट्रोल जास्त पितात, धूर जास्त सोडतात, आणि सुरक्षेचं काहीच नसतं. नवीन यंत्रावरून माणूस उठला की पातं थांबतं. घरात लहान मुलं असतील तर हे योग्य आहे का?

---

कृष्णाकाठ

शिशिर, शंका रास्त आहे, टाळत नाही.

धुराचं खरं आहे. अल्बनीकरांसारखा विजेवरचा असेल तर तो प्रश्न मिटतो, माझा नाही. मी वर्षाला फार तास चालवत नाही, आणि साठ वर्षं टिकलेलं लोखंड वितळवून त्याजागी दर आठ-दहा वर्षांनी नवं पातळ पत्र्याचं यंत्र घेणं मला पटत नाही. तुमचं मत वेगळं असू शकतं.

सुरक्षेबाबत मात्र मी कडक आहे. माझ्या ट्रॅक्टरला सीटखाली स्विच नव्हता, मी बसवलाय. दहा डॉलरचा स्विच, दोन वायरी, उठलं की इग्निशन बंद. हे जुन्यातल्या जुन्या ट्रॅक्टरला बसवता येतं आणि यामुळे त्याचं 'जुनेपण' कमी होतं असं मला मुळीच वाटत नाही. दुसरा नियम, पातं फिरत असताना अंगणात कोणी नाही. मांडीवर नातू, मडगार्डवर पुतण्या, असले फोटो लोक कौतुकाने काढतात. मी काढू देत नाही. मुलगी आठ वर्षांची असताना दोनदा रडली, तरी नाही. आता ती चौदाची आहे, पातं उतरवून ठेवलं की ट्रॉली ओढायला स्वतः चालवते आणि क्लच माझ्यापेक्षा हळुवार सोडते.

तिसरं, उतार. याला डोक्यावर संरक्षक दांडा नाही. तीव्र उतारावर आडवं जायचं नाही, आणि ओलं असेल तर जायचंच नाही.

---

शिशिर७२

सीट स्विचचं माहीत नव्हतं. पटलं.

---

पानगळ (मॅडिसन, विस्कॉन्सिन)

एक प्रश्न आणि एक फोटो. काल एका लिलावात *निळा* जॉन डिअर बघितला. बॉनेट निळं, सीट निळी, बाकी अंग पांढरं. यजमान म्हणाले, कोणीतरी हौसेने रंगवलाय, सोडून दे. खरंच का?

---

अल्बनीकर

ताई, सोडू नका!! १९६९ ते १९७१ या काळात जॉन डिअरने गार्डन ट्रॅक्टर चार रंगांत काढले होते: नारिंगी, पिवळा, लाल आणि निळा. बॉनेट आणि सीट रंगीत, बाकी पांढरं. गिऱ्हाइकाने घराच्या रंगाला शोभेल असा घ्यावा ही कल्पना. चालली नाही, हिरव्यावर परतले. त्यामुळे आज हे रंगीत जास्त शोधले जातात. ११०, ११२, १२०, १४० या मॉडेलांत मिळतात.

खात्री करायची तर बॉनेटच्या आतल्या बाजूचा, सीटखालचा, बॅटरीच्या कोपऱ्यातला रंग बघा. नखाने खरवडून खाली हिरवा निघतो का ते पाहा. हौसेने रंगवणारा माणूस त्या कोपऱ्यांपर्यंत सहसा पोचत नाही.

---

पानगळ

आज पुन्हा जाऊन आले. टॉर्च घेऊन. ११२ आहे. बॉनेटच्या आत निळा, बिजागरीखाली निळा, कुठेही हिरवा नाही. यजमान पण वाकून बघत होते, काही बोलले नाहीत. शनिवारी बोली आहे.

---

सातारारोड

आमच्या गावात कूपरची इंजिनं बनायची, आणि विहिरींवर त्यांचे ठोके ऐकत आम्ही शाळेत जायचो. तुमचं ते "एका सिलिंडरचा संथ आवाज" वाचून अंगावर काटा आला.

भारतात असा गार्डन ट्रॅक्टर मिळेल का? सहा गुंठ्यांची परसबाग आहे.

---

उद्यमनगर

नाना, हा प्रकार आपल्याकडे आलाच नाही. आपल्याकडे छोटं शेत म्हणजे बैल, नंतर पॉवर टिलर. अलीकडे १५ अश्वशक्तीचे छोटे ट्रॅक्टर आले, महिंद्राचा युवराज २१५ वगैरे, पण ते कामाचे आहेत, जुनं म्हणून बाळगायचे नाहीत. बाहेरून मागवायचा विचार करू नका, भाडंच जड पडेल.

हौस भागवायची असेल तर तुमच्याच गावात एखादं कूपर नाहीतर किर्लोस्कर इंजिन झुडपात पडलेलं असेल. ते आणा. डिझेल, पॉइंट नाहीत, कार्ब्युरेटर नाही, नोझल आणि पंप स्वच्छ असला की झालं. मी सध्या एक तसलंच उघडलंय. सुटे भाग अजून मिळतात, आणि नाही मिळाले तर इथे लेथवर करून देणारी माणसं आहेत.

---

मोगरा_एनजे

झाकण सैल करून बघितलं. काही फरक नाही, बाविसाव्या मिनिटाला बंद. म्हणजे झाकण नाही.

---

उद्यमनगर

ताई, आता अंदाज नको, निवाडा करू. इंजिन बंद पडण्याला दोनच कारणं, करंट नाही नाहीतर पेट्रोल नाही. कोणतं ते बंद पडल्या *क्षणी* बघावं लागतं, दहा मिनिटांनी बघून उपयोग नाही.

एक जुना चांगला प्लग घ्या, त्याला वायर लावून तयार ठेवा. बंद पडला की इंजिनाच्या प्लगवरची टोपी काढून या प्लगला लावा, प्लगचं अंग इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवा, हातात रबरी मोजा घाला आणि स्टार्टर मारा. आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं नाही याची आधी खात्री करा. करंट गेलेला असेल तर कॉइल किंवा कंडेन्सर गरम होऊन मरतोय, जुन्या स्कूटरला व्हायचं तसं. करंट असेल तर पेट्रोलच्या मागे लागू.

---

मोगरा_एनजे

केलं. नवरा स्टार्टरवर, मी प्लगवर. बंद पडल्या पडल्या बघितलं, करंट झकास. निळा.

---

कृष्णाकाठ

मग पेट्रोलच. ट्रॅक्टर थंड होऊ द्या. मोकळ्या जागेत, जवळपास ठिणगी नको. कार्ब्युरेटरला येणारी नळी काढा आणि काचेच्या बाटलीत धरा. नुसती सुरुवातीची धार बघू नका, चांगली पाच-सात मिनिटं वाहू द्या. धार शेवटपर्यंत सारखी राहते की बारीक होत जाते ते सांगा. तुमची टाकी बॉनेटखाली आहे ना, पत्र्याची?

---

मोगरा_एनजे

हो, पत्र्याची. उद्या संध्याकाळी करते.

---

गव्हाळ

कृष्णाकाठ, तुम्ही पाव एकर नांगरता म्हणालात. १० अश्वशक्तीवर खरंच नांगरट होते? माझ्याकडेही तसाच ट्रॅक्टर आहे, नांगर मिळालाय एक फाळाचा, १० इंची. पण लावला की एकतर वर तरंगतो नाहीतर रुतून बसतो आणि चाकं जागेवर फिरतात.

---

कृष्णाकाठ

हा माझा आवडता विषय, जरा सविस्तर लिहितो.

शक्ती पुरेशी असते. कमी पडते ती पकड आणि मांडणी.

पकडीसाठी मागच्या चाकांना बिडाची वजनं आणि शेती टायर, नाहीतर साखळ्या. टायरमध्ये पाणी भरतात, पण इथल्या थंडीत गोठतं, म्हणून न गोठणारा द्रव भरायचा. जुन्या लोकांनी कॅल्शियम क्लोराइड भरलं असेल तर रिम आतून तपासा, ते लोखंड खातं.

मांडणीचं गमक असं. नांगर माती उजवीकडे पलटतो. पहिलं तास (नांगराने पडणारी चर) घेताना चारही चाकं सपाट जमिनीवर असतात. दुसऱ्या तासापासून उजवी चाकं आधीच्या तासात उतरतात, म्हणजे ट्रॅक्टर उजवीकडे कलतो. नांगर ट्रॅक्टरच्या रेषेत ठेवलात तर तोही कलणार आणि फाळाचं टोक तिरकं घुसणार. म्हणून घरीच फरशीवर लावून घ्या. जेवढं खोल नांगरायचं, समजा सहा इंच, तेवढा जाड लाकडी ठोकळा *डाव्या* चाकांखाली ठेवा. आता ट्रॅक्टर शेतात असेल तसाच कलला. या अवस्थेत नांगर फरशीवर टेकवा आणि मागून बघून उभा सरळ करा. फाळाचं टोक टाचेपेक्षा किंचित खाली हवं, अगदी किंचित. टोक फार खाली गेलं की रुततो, वर राहिलं की तरंगतो. तुमची दोन्ही दुखणी इथलीच आहेत.

पहिलं तास उथळ घ्या, तीन इंच. दोरी लावून सरळ घ्या, कारण पुढची सगळी तासं त्याच्याच मागे जातात. पहिला गिअर, इंजिनाचा वेग स्थिर, आणि मागे वळून वळून बघू नका.

आणि वापसा! इथले लोक ठरलेल्या रविवारी नांगरतात, माती ओली असो की कोरडी. आपल्या माणसाला हे सांगायला नको. मूठभर माती दाबा, अंगठ्याने टोचा. फुटली तर वापसा आलाय. गोळा राहिला तर दोन दिवस थांबा, नाहीतर अशी ढेकळं निघतील की वर्षभर फुटणार नाहीत. इलिनॉयची ही काळी माती आपल्या कृष्णाकाठासारखीच चिकट आहे.

नांगराचा पत्रा गंजलेला असेल तर माती त्यालाच चिकटून राहते, पलटत नाही. आधी घासून चकचकीत करा, मग दोन-चार तासं घेतली की माती स्वतःच त्याला आरसा करते. काम संपलं की त्याच दिवशी पुसून ग्रीस लावा. एका रात्रीच्या दवानेही तांबूस होतो.

इथे आमच्या भागात वसंतात आणि सोयाबीन निघाल्यावर नांगरटीचा दिवस भरतो. एखादा शेतकरी चार-पाच एकर मोकळं रान देतो, तीस-चाळीस छोटे ट्रॅक्टर ट्रेलरवर घालून माणसं येतात. बोली नाही, स्पर्धा नाही. एकाचा नांगर नीट चालत नसेल तर चार जण पाने घेऊन गुडघ्यावर बसतात. मला ठोकळ्याची युक्ती तिथेच एका पंचाहत्तरीच्या आजोबांनी दाखवली. त्यांनी ठोकळा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, ठेव तुझ्याकडे. अजून तोच वापरतो.

---

गव्हाळ

मी ठोकळा *उजव्या* चाकाखाली ठेवत होतो. आज डावीकडे ठेवून लावला, मागच्या पट्टीत दोन तासं घेतली. माती उलटून शेजारी झोपली. व्हिडिओ काढलाय, टाकतो.

---

मोगरा_एनजे

सापडलं!!

बाटलीत पहिली तीन मिनिटं जोरदार धार. मग बारीक. मग थेंब थेंब. नळी हलवली, काही नाही. टाकीला बाहेरून हलकेच थाप मारली आणि पुन्हा धार. टाकी काढून रिकामी केली, टॉर्चने आत बघितलं. तळाशी गंजाचे पापुद्रे, करंगळीच्या नखाएवढे. पेट्रोल वाहायला लागलं की एखादा पापुद्रा हळूहळू सरकत तोटीच्या तोंडावर जाऊन बसतो. इंजिन थांबलं की सुटून बाजूला होतो. म्हणून ती वीस मिनिटं!

ज्याने कार्ब्युरेटर बदलून पैसे घेतले त्याने टाकीत डोकावलंही नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं. आता टाकी कशी साफ करू? नवीन घ्यावीशी वाटत नाही. टाकीवर त्या काकांनी खिळ्याने तारखा कोरल्यात, ऑइल कधी बदललं त्याच्या.

---

उद्यमनगर

शाब्बास! असं शोधायचं असतं.

त्या तारखांना धक्का लागणार नाही अशी पद्धत सांगतो. आधी टाकी साबणाच्या पाण्याने चार-पाच वेळा धुवा, पेट्रोलचा वास अजिबात राहता कामा नये. दोन दिवस उन्हात उघडी ठेवा. मग कोमट पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवून टाकी भरा. बॅटरी चार्जरची निगेटिव्ह टाकीला. पॉझिटिव्ह एका साध्या लोखंडी सळईला, ती टाकीत मधोमध लोंबती, टाकीला कुठेही टेकलेली नको. खालच्या तोटीला रबराचा बूच लावा, वरचं तोंड मात्र उघडंच ठेवा. एक दिवस ठेवा. टाकीतला गंज सुटतो.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. यातून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून उघड्यावर करा, घरात किंवा गॅरेजमध्ये नाही. आणि सळई स्टेनलेस स्टीलची *वापरू नका*, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. साधी बांधकामाची सळई बेस.

नंतर खळखळून धुवा, लगेच वाळवा, आणि थोडं पेट्रोल-ऑइल आत फिरवून ठेवा, नाहीतर तासाभरात पुन्हा गंज चढतो.

---

कृष्णाकाठ

यात भर: नळीवर एक स्वस्तातला पारदर्शक फिल्टर घाला, आत काय चाललंय ते दिसतं. आणि हिवाळ्यात उभा ठेवताना पेट्रोल काढून टाका. इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. पत्र्याची टाकी त्यानेच गंजते आणि कार्ब्युरेटरमध्ये डिंक धरतो. बिनइथेनॉलचं मिळत असेल तर चार पैसे जास्त देऊन तेच भरा.

व्हील हॉर्सबद्दल थोडं, तुम्हाला आवडेल म्हणून. इंडियानातल्या साउथ बेंडमध्ये एल्मर पाँड आणि त्यांचा मुलगा सेसिल यांनी १९४६ मध्ये छोटे ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली. १९८६ मध्ये टोरोने कंपनी घेतली. त्यांचा मागचा गिअरबॉक्स म्हणजे कमाल मजबूत, ऑइल असेल तर मरत नाही.

---

पानगळ

निळा ११२ घरी आला. यजमानांनी स्वतः बोली लावली.

---

मोगरा_एनजे

टाकी झाली. आतून राखाडी, स्वच्छ. बाहेरच्या तारखा जशाच्या तशा आहेत. सगळ्यात जुनी ११ मे १९७८. त्यांच्याखाली मी माझी कोरली.

आज सलग पन्नास मिनिटं चालवला. मागचं पुढचं सगळं गवत झालं. आजींना फोन करून इंजिनाचा आवाज ऐकवला. त्या काही वेळ बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "तो दुसऱ्या गिअरमध्ये चालवायचा."

आता पुढचं विचारते. डाव्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूने ऑइल झिरपतंय, रिमवर काळा ओघळ आलाय. सील असेल ना? हब कसा काढायचा?

---

कृष्णाकाठ

हो, सीलच. घाई करू नका. हबमध्ये (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) एक चौकोनी डोक्याचा स्क्रू असतो, तो आतल्या चावीवर दाबून बसलेला असतो. आधी तो पूर्ण बाहेर काढा, मगच पुलर (हब ओढून काढायचं हत्यार) लावा. स्क्रू तसाच ठेवून ओढलात तर हब फुटेल, आणि बिडाचा हब पुन्हा जोडत नाही. आज रात्री गंज सोडवायचं तेल शाफ्टवर सोडून ठेवा, उद्या सकाळी पुन्हा. हबचा जवळून एक फोटो टाका, मग पुढचं सांगतो.